पेढी बुडाली, साचे उरले

व्यापारी घराण्यात पेढीची मोजदाद दोन प्रकारे होत असते. एक चोपडीतली : माल, येणे, देणे आणि रोकड. दुसरी चोपडीत न मावणारी : पत, हातचा माणूस आणि मालाविषयी गिऱ्हाइकाच्या मनात बसलेला भरवसा. पहिली मोजदाद शून्यावर आली की पेढी बुडाली असे जग म्हणते. परंतु दुसरी शिल्लक असेल, तर तिच्यातून पुन्हा काय उभे राहू शकते, याचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकेतील मोटार शर्यतींच्या इतिहासात सापडते. मोटारींच्या शर्यती आणि कौटुंबिक मासिक यांचा संबंध काय, असे कोणाला वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ही हकिकत शर्यतीची कमी आणि लॉस एंजलिसमधील एका कारखान्याची अधिक आहे. त्या कारखान्याची मालकी तीनदा बदलली, दारावरची पाटी बदलली, एक भागीदार उठून स्पर्धकाच्या कामास लागला. तरीही तेथे घडलेले एकच इंजिन चाळीस वर्षांहून अधिक काळ जिंकत राहिले.

अमेरिकेत उघड्या चाकांच्या, एका आसनाच्या मोटारींची सर्वांत मोठी शर्यत इंडियानापोलिस शहरात भरते. तेथील अडीच मैलांचा मार्ग 1909 मध्ये बांधला गेला आणि त्याच वर्षी त्यावर सुमारे 32 लाख विटा बसवल्या गेल्या. 1911 पासून मे महिन्याच्या अखेरीस तेथे पाचशे मैलांची, म्हणजे दोनशे फेऱ्यांची शर्यत होते. पहिल्या वर्षी रे हॅरून ताशी सुमारे 75 मैलांच्या सरासरी वेगाने जिंकला. या शर्यतीत चालकाच्या धैर्याइतकीच इंजिनाच्या सहनशक्तीची परीक्षा असते. गावातल्या रस्त्यावर इंजिनाला मधूनमधून उसंत मिळते. येथे ते काही तास जवळजवळ पूर्ण शक्तीने चालवावे लागते. एकशे नव्वदाव्या फेरीपर्यंत सर्वांच्या पुढे राहिलेले इंजिन एकशे एक्क्याण्णवाव्या फेरीत बंद पडले, तर विजेत्यांच्या यादीत त्याला जागा नाही.

हॅरी मिलर हा मूळचा कार्ब्युरेटर बनवणारा कारागीर. लॉस एंजलिसमध्ये त्याचा कारखाना होता आणि फ्रेड ऑफेनहाऊझर नावाचा एक तरुण यंत्रकारागीर तेथे कामाला होता. 1915 मध्ये बॉब बर्मन या चालकाच्या फ्रेंच प्यूजो मोटारीचे इंजिन फुटले. युरोपात महायुद्ध पेटलेले असल्याने फ्रान्सहून सुटे भाग येणे शक्य नव्हते. ते इंजिन मिलरच्या कारखान्यात आले. त्या काळी प्यूजोची रचना जगात सर्वांत पुढची मानली जाई : सिलिंडरच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा. मिलरच्या माणसांनी ते यंत्र खोलले, मापले आणि त्याची दुरुस्ती, किंबहुना नवी घडणच केली. या एका कामातून त्यांना जे शिक्षण मिळाले, ते पुढील साठ वर्षे पुरले.

1919 मध्ये या कारखान्यात आणखी एक माणूस आला. त्याचे नाव लिओ गूसन. मिशिगनमधील ब्यूक कंपनीत तो यंत्रांचे आराखडे काढण्याचे काम करी. क्षयाची बाधा झाल्याने त्याला थंड हवेचा प्रदेश सोडून कोरड्या हवेत यावे लागले. प्रकृती सुधारल्यावर तो लॉस एंजलिसला आला आणि मिलरकडे रुजू झाला. येथून पुढे कामाची वाटणी ठरून गेली. कल्पना मिलरच्या, कागदावरील रेषा गूसनच्या आणि धातूवरचा हात ऑफेनहाऊझरचा. मिलरच्या मनातले अर्धवट चित्र गूसन मापात बसवी आणि ऑफेनहाऊझर ते मापाबरहुकूम घडवी.

या तिघांच्या कामाला लवकरच फळ आले. 1922 मध्ये जिमी मर्फी मिलर इंजिनाच्या जोरावर इंडियानापोलिसला जिंकला. त्या दशकाच्या उत्तरार्धात केवळ 91 घनइंचांचे, म्हणजे दीड लिटरचे त्यांचे आठ सिलिंडरचे सुपरचार्जर लावलेले इंजिन अमेरिकेतल्या शर्यतींवर राज्य करू लागले. 1928 मध्ये लिऑन ड्युरेने मिलर मोटारीतून एक फेरी ताशी 124 मैलांच्या वेगाने पुरी केली. हा उच्चांक 1937 पर्यंत कोणी मोडू शकले नाही. 1929 मध्ये ड्युरे आपल्या दोन मिलर मोटारी घेऊन युरोपात गेला. प्रसिद्ध निर्माता एत्तोरे बुगाट्टी त्या पाहून इतका प्रभावित झाला, की त्याने आपल्या तीन मोटारींच्या बदल्यात त्या ठेवून घेतल्या आणि त्यांच्या दुहेरी कॅमशाफ्टची रचना अभ्यासून स्वतःच्या नव्या इंजिनात उतरवली. फ्रान्सहून एका फुटक्या इंजिनातून आलेली विद्या चौदा वर्षांनी व्याजासह फ्रान्सला परत गेली.

परंतु मिलरचे मन हिशेबात रमणारे नव्हते. नवी कल्पना सुचली की जुनी फायद्यात चाललेली वस्तू त्याला नीरस वाटे. त्यातच 1929 च्या अखेरीस अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. शर्यतीचे नियमही बदलले : 1930 पासून खर्चिक सुपरचार्जरवर बंदी आली आणि मोठ्या, साध्या इंजिनांना उत्तेजन मिळू लागले. मिलरची नाजूक, महाग, घड्याळासारखी इंजिने एका वर्षात कालबाह्य झाली. 1933 मध्ये तो दिवाळखोरीत निघाला. पुढे इतरत्र त्याने अनेक धाडसी यंत्रे रचली. पण घडी पुन्हा बसली नाही. 1943 मध्ये डेट्रॉइट येथे त्याचा अंत झाला, तेव्हा तो जवळजवळ निर्धन होता.

पेढी बुडाली त्या वेळी कारखान्यात एक दुर्लक्षित वस्तू पडून होती. शर्यतीच्या नौकांसाठी मिलरने काही वर्षांपूर्वी चार सिलिंडरचे एक साधे, दणकट इंजिन बनवले होते. 1930 मध्ये हे नौकेचे इंजिन एका मोटारीत बसवून शॉर्टी कँटलन इंडियानापोलिसला उतरला आणि दुसरा आला. आठ सिलिंडरच्या तुलनेत त्यात भाग कमी, म्हणून मोडण्यासारखे कमी आणि किंमतही कमी. मंदीच्या दिवसांत हाच त्याचा मोठा गुण ठरला. मिलरची यंत्रसामग्री, ओतकामाचे साचे आणि आराखडे यांचा काही भाग ऑफेनहाऊझरने विकत घेतला, गूसनला सोबत घेतले आणि त्याच इंजिनाचे काम पुढे सुरू केले. मालक गेला होता, नाव गेले होते. साचे, आराखडे आणि ते वाचू शकणारे हात मात्र जागेवर होते.

1935 मध्ये केली पेटिलो जिंकला, तेव्हा विजेत्या इंजिनापुढे प्रथमच ऑफेनहाऊझर हे नाव लागले. चालकांनी त्याचे लाडके नाव पाडले ‘ऑफी’. या इंजिनाची रचना एकदा समजून घेण्याजोगी आहे. सामान्य इंजिनात सिलिंडरचा ठोकळा वेगळा आणि त्यावरचे डोके वेगळे असते. दोहोंमध्ये गॅस्केट घालून ते बोल्टांनी आवळतात. अतिदाबाखाली नेमकी ही सांधेजोड दगा देते. ऑफीत डोके आणि ठोकळा एकाच ओतीव धातूचे. सांधाच नाही, तर तो फुटणार कोठून? कॅमशाफ्ट साखळीने नव्हे, तर दातेरी चाकांच्या ओळीने फिरत. क्रँकशाफ्टचे घर एखाद्या बंद पिंपासारखे मजबूत असे. यातील एकही गोष्ट नवलाची नव्हती. नवल होते ते दर वर्षी तीच वस्तू थोडी सुधारून, तितक्याच चोखपणे घडवण्यात.

मालही सर्वांना एकच. ज्याच्याजवळ पैसे असतील त्याला ऑफी विकत मिळे. मागच्या वर्षीचा विजेता आणि पहिल्यांदाच उतरणारा होतकरू, दोघांना तेच इंजिन आणि तेच सुटे भाग. इंडियानापोलिसच्या मोठ्या मोटारींसाठी मोठे इंजिन होते, तसेच गावोगावच्या छोट्या मार्गांवर धावणाऱ्या मिजेट मोटारींसाठी लहानही होते. एक भाग मोडला, तर दुसरा आणून बसवता येई. त्यामुळे देशभरातले मेकॅनिक एकाच यंत्रावर शिकले, आणि एकाने शोधलेली सुधारणा दहा जणांच्या उपयोगी पडू लागली.

1946 मध्ये ऑफेनहाऊझर निवृत्त झाला आणि त्याने कारखाना लुई मेयर व डेल ड्रेक या दोघा भागीदारांना विकला. मेयर स्वतः इंडियानापोलिस तीनदा जिंकणारा पहिला चालक होता. 1936 च्या तिसऱ्या विजयानंतर त्याने थंड ताक मागवून पिऊन घेतले. उन्हाच्या दिवसात ताक प्यावे अशी त्याच्या आईची शिकवण होती. त्या प्रसंगातूनच विजेत्याने दूध पिण्याची तेथील प्रथा पुढे रूढ झाली. जल्लोषाच्या जागी मद्याऐवजी दुधाची बाटली उंचावली जाते, ही बाब जैन वाचकांना निश्चितच रुचेल.

मेयर आणि ड्रेक यांनी इंजिनाचे रूप बदलले नाही, आणि गूसनला त्याच्या आराखड्यांच्या फळ्यापाशी राहू दिले. 1947 ते 1964 ही सलग अठरा वर्षे इंडियानापोलिसला ऑफीखेरीज दुसरे कोणतेही इंजिन जिंकले नाही. या काळातील कित्येक शर्यतींत तेहेतीस मोटारींपैकी जवळजवळ सर्व ऑफीच्या असत. मग इंजिनाचा पराभव होणार तरी कोणाकडून, असाच प्रश्न उरे.

त्याच काळात तेथे नोव्ही नावाचे आठ सिलिंडरचे इंजिन धावे. त्याची शक्ती प्रचंड आणि आवाज असा, की प्रेक्षक केवळ तो ऐकण्यासाठी येत. 1946 मध्ये राल्फ हेपबर्नने त्याच्या जोरावर पात्रता फेरीत त्या वेळचा उच्चांक केला. प्रेक्षकांना मोहवणाऱ्या नोव्हीने शर्यत मात्र एकदाही जिंकली नाही. कधी इंधन अपुरे पडे, कधी टायर झिजत, कधी एखादा भाग मोडे. 1948 मध्ये हेपबर्न आणि 1953 मध्ये चेट मिलर नोव्ही चालवताना मृत्यू पावले. विशेष हे, की नोव्हीच्या आराखड्यांवरही गूसनचाच हात फिरला होता. तेव्हा हाताच्या कौशल्यात उणे काही नव्हते. फरक मागणीत होता. एकाने त्या हाताकडे भरवसा मागितला, दुसऱ्याने दिपवून टाकणारी शक्ती मागितली.

अठरा वर्षांच्या यशाने कोणालाही वाटावे, की आता काही करण्यासारखे उरले नाही. नेमक्या त्या वेळी फोर्ड कंपनी आपले अफाट भांडवल घेऊन उतरली. तिचे चार कॅमशाफ्टचे आठ सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेल्या हलक्या लोटस मोटारीतून जिम क्लार्क 1965 मध्ये जिंकला, आणि शर्यतीचा सरासरी वेग प्रथमच ताशी दीडशे मैलांच्या पुढे गेला. याच सुमारास मेयरने आपला हिस्सा ड्रेकला देऊन टाकला आणि फोर्डच्या शर्यती इंजिनांचे काम पत्करले. भागीदार स्पर्धकाकडे गेला. एखाद्या पेढीवर असा प्रसंग आला असता, तर घरात काय वातावरण झाले असते, याची कल्पना व्यापारी वाचकाला सांगावी लागत नाही.

ड्रेक आणि गूसन यांच्यापाशी तीस वर्षांपूर्वीची रचना आणि एक नवे साधन होते. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनीच पंखा फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबणारे टर्बोचार्जर तेव्हा ट्रकांवर वापरले जाई. ते शर्यतीच्या इंजिनाला लावले, की आतला दाब भयंकर वाढतो. इतर इंजिनांचे गॅस्केट अशा दाबाने फुटत. ऑफीला गॅस्केटच नव्हते! 1930 च्या सुमारास केवळ दणकटपणासाठी केलेली एकसंध घडण 1966 मध्ये अशा कामी आली, जिची घडवणाऱ्यांनी कल्पनाही केली नव्हती. प्रामाणिकपणे केलेल्या कामाचे फळ कधी आणि कोणत्या रूपाने उदयास येईल, हे करणाऱ्याला ठाऊक नसते. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या वाचकाला यात आश्चर्य वाटू नये.

1968 मध्ये बॉबी अन्सर टर्बो ऑफीच्या जोरावर जिंकला. त्या दिवशी पुढे होती जो लिओनार्डची गॅस टर्बाइनवर चालणारी मोटार. दहाच्या आत फेऱ्या उरल्या असता ती बंद पडली आणि ऑफी पुढे निघून गेली. इंडियानापोलिसमध्ये टर्बोचार्जर लावलेल्या इंजिनाचा तो पहिला विजय. 1972 ते 1976 अशी आणखी सलग पाच वर्षे ऑफीच जिंकली. 1930 च्या दशकात सुमारे अडीचशे अश्वशक्ती देणारे हे इंजिन आता पात्रता फेरीत हजारांच्या घरात जाऊ लागले होते.

येथे या कथेतील सर्वांत गंभीर प्रश्न उभा राहतो. 1973 मध्ये जॉनी रदरफर्डने ताशी 198 मैलांचा वेग गाठला. त्याच महिन्यात आर्ट पोलार्ड सरावात मृत्युमुखी पडला. शर्यतीत स्वीड सॅव्हेजच्या मोटारीला भीषण आग लागली आणि काही आठवड्यांनी तोही गेला. त्या धावपळीत मदतीच्या गाडीची धडक बसून एका सहायकाचाही मृत्यू झाला. पावसाने थांबलेली ती शर्यत गॉर्डन जॉनकॉक ऑफीच्या जोरावर जिंकला, पण त्या विजयात आनंद नव्हता. पुढील वर्षापासून इंधनाचे प्रमाण घटवले गेले आणि टर्बोचार्जरच्या दाबाला मर्यादा घालणारी झडप सक्तीची झाली : ठरलेल्या दाबापुढे जाताच ती आपोआप उघडे. जे संयमाने व्हायला हवे होते, ते तीन मृत्यूंनंतर नियमाने झाले. मनुष्याच्या इच्छेलाही अशी झडप आधीच असावी, यासाठीच तर परिग्रहाला परिमाण घालण्याचे व्रत सांगितले आहे.

या नव्या मर्यादांचा फटका सर्वांत अधिक ऑफीलाच बसला. ऑफी इंधन फार पीत असे. मोजक्या इंधनात ब्रिटिश कॉसवर्थ कंपनीचे आठ सिलिंडरचे इंजिन अधिक किफायतशीर ठरले. 1976 मध्ये रदरफर्डचा विजय हा इंडियानापोलिसमधील ऑफीचा सत्ताविसावा आणि अखेरचा. ज्या मर्यादेने तिचे राज्य संपले, तिनेच पुढे अनेकांचे प्राण वाचवले असतील. म्हणून त्या अंताबद्दल खेद करण्याचे कारण नाही.

या सर्वांत श्रेष्ठ इंजिन कोणते? अनेकान्ताची सवय असलेल्या मनाला याचे उत्तर दृष्टीनुसार द्यावे लागेल. शक्ती आणि आवाज पाहिले तर नोव्ही. 1978 ते 1987 या दहा वर्षांचा अखंड दबदबा पाहिला तर कॉसवर्थ. एका दिवसाचा पराक्रम पाहिला तर 1994 चे मर्सिडीज. त्या वर्षी नियमांत जुन्या पद्धतीच्या पुशरॉड इंजिनांना मोठ्या आकाराची आणि अधिक दाबाची सवलत होती. साध्या मोटारींची इंजिने घेऊन येणाऱ्यांनाही संधी मिळावी, हा तिचा मूळ हेतू. रॉजर पेन्स्के यांच्या संघासाठी इल्मोर कंपनीने गुप्तपणे त्या सवलतीत बसणारे निव्वळ शर्यतीचे इंजिन घडवले. अल अन्सर ज्युनिअर जिंकला. नियमभंग काहीच नव्हता. सवलत मात्र लगेच आवळली गेली, ते इंजिन पुन्हा कधी शर्यतीत उतरले नाही, आणि पुढच्याच वर्षी त्या संघाच्या मोटारी पात्रता फेरीही पार करू शकल्या नाहीत. नियमाच्या अक्षराने मिळालेला नफा एका हंगामाचा असतो, हे बाजारात बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

काळाच्या दृष्टीने पाहिले, तर ऑफीच्या शेजारी दुसरे नाव ठेवता येत नाही. आणि तिचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न तर याहून अवघड आहे. मूळ विद्या प्यूजोची. कल्पना मिलरची, पण त्याचे नाव दिवाळखोरीबरोबर पुसले गेले. इंजिनावर नाव राहिले ऑफेनहाऊझरचे, जो मूळचा मिलरचा नोकर. विस्तार मेयर आणि ड्रेक यांचा. आणि या साऱ्या काळात ज्याच्या रेषांवरून प्रत्येक भाग घडला, त्या लिओ गूसनचे नाव ऑफीवर कधीच आले नाही. मालक आले आणि गेले. तो आराखडे काढीत राहिला. 1973 मध्ये ऑफेनहाऊझर वारला आणि 1974 मध्ये गूसन.

इंडियानापोलिसच्या विजेत्याला 1936 पासून एक भव्य रुपेरी करंडक दिला जातो. त्यावर प्रत्येक विजेत्या चालकाचा चेहरा कोरलेला असतो. लुई मेयरचा चेहरा त्यावर आहे, पेटिलोचा आहे, अन्सर बंधूंचे आहेत. त्यांतील सत्तावीस विजयांमागे ज्याच्या रेषा होत्या, त्या माणसाचा चेहरा त्यावर नाही. प्रत्येक जुन्या पेढीच्या भिंतीवर संस्थापकाची तसबीर असते आणि तिच्याखाली बसून आयुष्यभर खतावणी सांभाळलेल्या माणसाची नसते. येत्या दिवाळीला चोपडीपूजनाच्या वेळी अशा एखाद्या माणसाचे नाव घरातल्या मुलांना सांगितले गेले, तर ते उचितच होईल.